मडगार्डातलं ते भोक कोणी पाडलं?

प्रश्न : जुन्या मोटारींचं प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एकाच सालच्या दोन फोक्सवॅगन बीटल शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचं रेडिओचं एरियल डाव्या बाजूला काचेजवळ, दुसरीचं उजवीकडे. पलीकडच्या एमजीला एरियलच नव्हतं. मालकांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "डीलरने बसवलं असणार." एवढ्या मोठ्या कंपन्या अख्खी गाडी बनवायच्या आणि एक भोक पाडायचं काम मात्र डीलरवर सोडायच्या, हे काही मला पटत नाही. यातली खरी जागा कोणती?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पटत नसलं तरी मालक खरं बोलत होते. त्या गाड्या बनल्या तेव्हा रेडिओ हा मोटारीचा भाग नव्हता, गिऱ्हाइकाच्या हौसेचा होता. गाडीच्या किमतीत इंजिन, चाकं, दिवे आणि हॉर्न यायचे. रेडिओ, पुष्कळदा हीटरसुद्धा, वरचे पैसे मोजून घ्यायच्या वस्तू. एमजीबी १९६२ साली आली तेव्हा डॅशबोर्डात रेडिओसाठी जागा सोडलेली होती, पण रेडिओ न मागवणाऱ्याला त्या जागी झाकणपट्टी मिळायची. तुम्ही पाहिलेल्या एमजीच्या पहिल्या मालकाला बहुधा इंजिनाचाच आवाज पुरत असावा. उघड्या टपाच्या गाडीत ताशी शंभरने जाताना रेडिओ तसाही काय ऐकू येणार!

कंपन्या आळशी होत्या असं नाही. अडचण अशी होती की गाडी कुठल्या देशात चालणार हे रेडिओला आधी कळावं लागतं. इंग्लंडमध्ये बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम १५०० मीटरच्या लाँगवेव्हवर लागायचा, म्हणजे तिथल्या संचाला लाँगवेव्ह हवीच. अमेरिकेत लाँगवेव्हवर ऐकण्यासारखं काही नव्हतं. तिथे सगळा कारभार मीडियमवेव्हचा. युद्धानंतरच्या वाटपात जर्मनीच्या वाट्याला मीडियमवेव्हच्या जागा इतक्या कमी आल्या की तो देश एफएमकडे सगळ्यांच्या आधी वळला. ब्लाउपुंक्टने मोटारीसाठी एफएमचा संच १९५२ सालीच काढला आणि पुढच्याच वर्षी बेकरचा 'मेक्सिको' आला, स्वतःच स्टेशन शोधणारा. आपल्याकडे आणि सिलोनकडे यायची गाडी असेल तर शॉर्टवेव्ह पाहिजे. आता वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून निघालेल्या एकाच रंगाच्या चार बीटल चार बंदरांना जाणार असतील तर कारखान्याने त्यांत कुठला रेडिओ घालावा?

विजेचाही घोळ होताच. बीटल कित्येक वर्षं ६ व्होल्टची होती. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना १९६७ च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट मिळाले. इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं, जगातल्या बहुतेकांच्या उलट. एमजीबीने ही रीत १९६७ च्या अखेरीस सोडली. व्हॉल्व्हच्या जुन्या संचांना याचं फारसं सोयरसुतक नसे. ट्रान्झिस्टरचा संच मात्र उलटा जोडला की क्षणात जळतो. तेव्हा गाडीही ओळखणारा आणि गावची स्टेशनंही ओळखणारा माणूसच हे काम करू शकायचा, आणि तो डीलरकडे बसलेला असायचा.

आणि पैसा कसा विसरून चालेल? गाडीच्या किमतीवर डीलरला मिळायचं ते ठरलेलं. रेडिओ, एरियल, स्पीकर आणि बसवण्याची मजुरी यांवरची कमाई त्याची स्वतःची. अमेरिकेतल्या फोक्सवॅगन डीलरांकडे 'सफायर' नावाचा रेडिओ मिळे. जर्मन गाडीतला हा संच अमेरिकेतल्या बेंडिक्सने बनवलेला होता. इंग्लंडात हेच दुकान 'रेडिओमोबाइल'चं. जर्मन एरियल म्हटलं की हिर्शमान हे नाव पुढे येई. एस्लिंगेनच्या या कंपनीने अशीही एरियलं केली जी खाली दाबली की मडगार्डात गुडूप होतात आणि छोट्या किल्लीशिवाय वर येत नाहीत. वाटेने जाणाऱ्या पोरांचा एरियलशी असलेला जिव्हाळा सगळ्या जगात सारखाच, त्यावरचा हा तोडगा.

मुळात हे एरियल बाहेर आलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या वेळी फोर्डची मॉडेल ए सजवलेली घेतली तरी साडेपाचशेच्या आसपास मिळत होती. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टचा एएस ५ आला. वजन १५ किलो, किंमत ४६५ मार्क, म्हणजे छोट्या गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा. हे संच बसवायला दिवस मोडायचा, कधी दोन. डॅशबोर्ड सोडवायचा, जास्तीच्या बॅटऱ्यांसाठी जागा करायची, प्लगच्या ठिणग्या गप्प करायच्या आणि छताचं अस्तर उतरवायचं. छत कशासाठी? तर तेव्हाच्या बंद गाड्यांचं छत मधोमध पत्र्याचं नसायचं. लाकडी चौकट, तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, वर कापूस आणि मेणकापड. ती जाळी बॉडीपासून सोडवून घेतली की फुकटचं एरियल तयार.

१९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणलं, 'टरेट टॉप' नावाने गाजावाजा करून. छत मजबूत झालं, गळणं थांबलं आणि रेडिओ मुका झाला. पोलादी पेटीच्या आत तार ठेवून काही ऐकू येत नाही. मग काही वर्षं एरियल गाडीच्या पायरीखाली टांगण्यात गेली. पायरीखाली काय असतं? चिखल, खडी, बर्फ. शेवटी सगळ्यांनी हार मानून काडी बाहेर उभी केली, बॉनेटच्या मागे काचेपाशी, मडगार्डवर नाहीतर काचेच्या खांबावर. भोक पाडायचा प्रश्न तेव्हापासूनचा.

आता जागा कुठली, याकडे येऊ. इथे थोडं गणित सोसा. पुणे आकाशवाणीचा ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा घ्या. त्या लहरीची लांबी जवळजवळ ३७९ मीटर. चांगलं उभं एरियल लहरीच्या पाव हिश्श्याचं असावं, म्हणजे सुमारे ९५ मीटर. तुमच्या मडगार्डवर आहे एक मीटर. एवढीशी काडी मीडियमवेव्हवर हवेतला विजेचा दाब जेमतेम चाखते, आणि जे चाखते ते केबलला पुरत नाही. केबल म्हणजे आतली तार आणि बाहेरची जाळी. दोन्ही मिळून एक कंडेन्सर होतो आणि काडीने मिळवलेल्यातला मोठा वाटा तोच गिळतो. काडीची स्वतःची धारिता दहा-पंधरा पिकोफॅरड. टीव्हीच्या केबलची मीटरला ५० ते ७०. म्हणून मोटारीच्या एरियलची केबल निराळी असते : आत केसासारखी बारीक तार, भोवती पोकळ नळी, जवळजवळ सगळी हवाच. पुष्कळ दुरुस्त्या इथेच बिघडतात. तुटलेल्या केबलला कोणी तरी टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडतो, मीटर लावला तर सगळं जोडलेलं दिसतं, आणि रेडिओ मात्र गावातलं एकच स्टेशन धरतो.

केबल जितकी आखूड तितकं बरं, म्हणजे एरियल रेडिओजवळ हवं, म्हणजे काचेपाशी. पण बहुतेक गाड्यांत काचेपुढेच इंजिन. डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर), कॉइल, प्लगच्या वायरी, डायनामो. ठिणग्यांचा सगळा बाजार तिथेच भरलेला. प्रत्येक ठिणगी हे एक लहानसं प्रक्षेपण केंद्र, आणि ते सगळ्या स्टेशनांवर एकदम लागतं. गाडी पळवली की रेडिओत खरखरही पळू लागते ती यामुळे. खरखर टाळायला एरियल मागे, डिकीच्या बाजूला न्यावं तर केबल चार मीटरची होते आणि स्टेशन अशक्त होतं. पुढे न्यावं तर स्टेशन जोरदार, पण सोबत इंजिनाचं बोलणं. डीलरच्या फिटरने तुमच्या गाडीत कुठे भोक पाडलं, तर या दोन त्रासांपैकी त्याला कुठला परवडला तिथे. कंपनीच्या पुस्तकात एक आकृती असायची, एरियलच्या खोक्यात कागदी नमुनाही असायचा, पण खोकं वेगळ्या कंपनीचं असलं की नमुनाही वेगळा.

बीटलचं मात्र बरं होतं. इंजिन मागे, त्यामुळे पुढचा भाग रेडिओजवळही आणि शांतही. रूढ जागा डावीकडे, काचेच्या पुढे. १९६८ च्या मॉडेलपासून पेट्रोल भरण्याची खिडकी उजवीकडे त्याच भागात आली, तेव्हा डावी बाजू आणखीच पक्की झाली. मग दुसऱ्या बीटलचं उजवीकडे कसं? उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी असेल तर ड्रायव्हरला खिडकीतून हात काढून काडी वर ओढता यावी म्हणून कोणी उजवीकडे बसवली असेल. डावं अंग कधी तरी ठोकलं गेलं आणि नव्या पत्र्यात भोकच नव्हतं, असंही घडतं. बॉनेट उघडून त्या भागाच्या आतून हात फिरवला तर बुजवलेल्या भोकाची गोल वेल्डिंग बोटाला लागते. पुटी वरून लपवते, आतून नाही.

काही कारखाने स्वतः रेडिओ बसवत आणि तरी एरियल डीलरसाठी ठेवत. रेल्वेच्या वॅगनमध्ये नाहीतर ट्रेलरवर काडी मोडते, म्हणून ती डिकीत घालून पाठवायची आणि शोरूममध्ये गाडी धुतापुसताना भोक पाडून लावायची. त्यामुळे 'कारखान्याचा रेडिओ, डीलरचं एरियल' हीदेखील बनावट जोडी नव्हे.

या सगळ्यात माझी आवडती गाडी कॉर्व्हेट. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट फायबरग्लासची. फायबरग्लास रेडिओलहरींना अडवत नाही, म्हणून एरियलची जाळी डिकीच्या झाकणातच मुरवून टाकली. बाहेरून काहीच दिसत नाही. सुरेख कल्पना. पण जो पत्रा नाही तो ठिणग्यांनाही अडवत नाही. पोलादी बॉनेट इंजिनाचा बराचसा गोंगाट कोंडून धरतं, ते इथे नव्हतं. मग डेल्को आणि प्लगच्या वायरींवर धातूची झाकणं बसवावी लागली. पुढे बाहेरची काडी आली, पण झाकणं राहिली, आणि तीही फक्त रेडिओ घेतलेल्या गाड्यांना. रेडिओ न घेतलेली कॉर्व्हेट ओळखायची एक खूण आजही हीच : बॉनेट उघडा, चकचकीत झाकणं नसतील तर रेडिओही नव्हता.

फिटरचं काम एकदा जवळून बघा म्हणजे डीलरच्या नावाने बोटं मोडणं कमी होईल. आधी चाक काढायचं, नाहीतर मडगार्डच्या आत हात जात नाही. नमुन्याचा कागद चिकटवून पंचाने खूण करायची, कारण ड्रिल वक्र पत्र्यावरून घसरलं तर नव्याकोऱ्या रंगावर ओरखडा. बारीक भोकापासून सुरुवात करून पाऊण ते एक इंचापर्यंत जायचं. मग सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त वेळा टाळलेलं काम : भोकाच्या खालच्या बाजूचा रंग आणि डांबर खरवडून पत्रा चकचकीत करायचा. एरियलच्या बुडाशी दातेरी वायसर असतो, त्याचे दात त्या उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत. काडीला गाडीच्या पत्र्याचाच आधार आहे. अर्थिंग नीट लागलं नाही तर केबलची बाहेरची जाळीच एरियल होऊन बसते आणि इंजिनाशेजारून जाताना सगळा कचरा गोळा करते. वरून रबरी गादी, काडी सरळ उभी राहण्यासाठी तिरका कॉलर, आणि केबल आत न्यायला फायरवॉलमध्ये ग्रोमेट. ग्रोमेट विसरला तर पहिल्या पावसात पायाखालची चटई भिजते आणि गिऱ्हाईक दाराच्या रबराला शिव्या घालतं.

तर खरी जागा कोणती? त्या मॉडेलला रूढ असलेली जागा सांगता येते, एकमेव खरी जागा सांगता येत नाही. जुन्या गाडीचा जो तपशील कारखान्याच्या पुस्तकात सापडतो त्याला आपण मान देतो आणि जो डीलरच्या पावतीत असतो त्याला कमी लेखतो. मला ते उलटं वाटतं. कारखान्यातून निघताना त्या सगळ्या बीटल सारख्या होत्या. अमुक गावच्या अमुक माणसाची बीटल ती डीलरच्या दारात झाली.

प्रश्न : जुन्या अमेरिकन गाड्यांना मागच्या बाजूला दोन एरियल असतात ती कशासाठी? स्टिरिओसाठी का? आणि एरियलच्या टोकाला बारीक गोळी असते ती नुसती शोभेची का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्टिरिओशी संबंध नाही. दोन काड्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या, मागचे पंख उंच करून गाडीला जेट विमानाचा तोरा द्यायच्या काळातल्या. दोन्ही बाजूंना मागे कललेली चकचकीत काडी लावली की तो तोरा पुरा व्हायचा. त्यातली एक पुष्कळदा नुसतीच खोवलेली असे, आत केबलच नाही. दुकानात खोटी एरियलं राजरोस विकत मिळायची. दोन्ही खरोखर जोडलेली असली तरी फायदा काही नाही : मीडियमवेव्हवर दुप्पट केबलचा भार आणि एफएमवर काही दिशांना एक काडी दुसरीचं खोडून काढते. दिसायला मात्र झकास.

गोळी मात्र कामाची आहे. धूळ, बर्फाचे कण, पाऊस काडीवर आपटत राहतात आणि विजेचा भार साठतो. टोक अणकुचीदार असेल तर तो भार तिथून फुसफुसत हवेत जातो आणि रेडिओत सूं-सूं ऐकू येतं. गोळी असली की टोकाची धार जाते आणि फुसफुसही कमी होते. शिवाय गाडी धुणाऱ्याचा डोळा वाचतो. याच जातीचा आणखी एक गमतीदार उपाय पुढच्या चाकांत असे. रबरी टायर रस्त्यावर घासून चाकावर भार साठायचा आणि बेअरिंगमधल्या ग्रीसमुळे तो गाडीकडे सरळ जाऊ शकत नसे. अधूनमधून उडी मारायचा आणि रेडिओत टकटक व्हायची. म्हणून चाकाच्या मधल्या टोपीत एक बारीक स्प्रिंग बसवत, तिचं टोक आसाला टेकलेलं. चाकाचं काम करताना ही स्प्रिंग कशाची म्हणून फेकून देणारे मेकॅनिक पुष्कळ असतील.

काडीची उंचीही जाता जाता सांगतो. एफएमच्या लहरी साधारण तीन मीटरच्या. पाव हिस्सा पाऊण मीटर. म्हणून अमेरिकेतल्या न मिटणाऱ्या काड्या ३१ इंचांच्या असत. मिटणारी काडी एफएमसाठी तेवढीच ठेवा, मीडियमवेव्हसाठी पूर्ण वर.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी रंगवायला काढली आहे. डाव्या मडगार्डवर एरियलचं भोक आहे, काडी अर्धी मोडलेली, जुना मीडियमवेव्हचा रेडिओ अजून जागेवर. पेंटर म्हणतो, भोक बुजवून टाकू, आता रेडिओ कोण ऐकतं? बुजवू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका बुजवू.

तुमची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. तिथे फियाट ११०० ची जुळणी १९५० च्या दशकात सुरू झाली, त्याच गाडीचं पुढे पद्मिनी झालं आणि २००० पर्यंत ती चालू राहिली. आपल्याकडे वाट बघणाऱ्यांची यादी इतकी लांब की गाडी हातात पडली हेच पुष्कळ. रेडिओ वगैरे लाड गाडी घरी आल्यावर. काहींनी डीलरकडून लावून घेतला, काहींनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून संच घेतला आणि आपल्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. संचाला पोस्टाचं लायसन्स लागायचं ते दिवस. ती कटकट १९८० च्या दशकाच्या मध्याला संपली. १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीची जाहिरातींची सेवा मुंबई, पुणे, नागपूरला सुरू झाली आणि गाडीत रेडिओ घ्यायला एक चांगलं निमित्त मिळालं. वडिलांच्या कागदपत्रांत जुनं लायसन्स किंवा रेडिओची पावती सापडली तर गाडीच्या फाइलला लावून ठेवा. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतले जाणकार परीक्षक डीलरच्या किंवा दुकानदाराच्या जोडकामाला गुण कापत नाहीत, त्या काळाचं आणि कागदाचं असलं तर.

काडी मोडली म्हणजे एरियल गेलं असं नसतं. आधी मीटर लावा. एरियलची पिन रेडिओतून काढून तपासा. काडीपासून पिनेच्या मधल्या टोकापर्यंत वीज गेली पाहिजे. काडीपासून बॉडीपर्यंत अजिबात जाता कामा नये. जात असेल तर बुडात पाणी शिरलं आहे, आपल्या पावसात ते हमखास. बुडाचा कॉलर आणि बॉडी यांच्यात रोध शून्याजवळ हवा. नसेल तर वायसरखाली गंज. हे तिन्ही ठीक असेल तर बाजारातली तेवढ्याच जाडीची काडी शोधा. केबल मूळची शाबूत असेल तर तिला हात लावू नका.

नवी काडी लावल्यावर रेडिओ तिच्याशी जुळवून घ्यावा लागतो, आणि हे जवळजवळ कोणीच करत नाही. जुन्या संचांना एरियलच्या पिनेजवळ एक बारीक स्क्रू असतो, ट्रिमर. काडी पूर्ण वर काढा, आवाज मोठा ठेवा, डायलच्या वरच्या टोकाला १४०० च्या आसपास अगदी अशक्त स्टेशन पकडा आणि स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबा. दिवसा सापडलं नाही तर अंधार पडल्यावर पाहा, रात्री लांबची स्टेशनं येतात.

खरखर इंजिनासोबत वाढत असेल तर प्लगच्या वायरी आणि डेल्कोची टोपी बघा, मग बॉनेट. बॉनेट बिजागरीवर तेलकट बसलं असेल तर त्याला अर्थिंग मिळत नाही. एक विणलेली पट्टी बॉनेटपासून बॉडीला जोडली की फरक कळतो. कंडेन्सर जोडायला कोणी सांगितलं तर कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला जोडा. डेल्कोकडच्या टोकाला जोडलात तर पॉइंट आणि ठिणगी दोन्ही बिघडतील. डायनामोच्या फील्डच्या टोकालाही लावू नका.

एफएमचा आधुनिक संच लावायची इच्छा असेल तर तो डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवा आणि हीच काडी वापरा. पण जुना संच काढू नका : खंबाटकीत किंवा खंडाळ्यात एफएम डोंगराआड गेलं की गप्प होतं. मीडियमवेव्ह जमिनीला धरून चालते, ती तिथेही बोलत राहते.

भोक बंदच करायचं असं घरातल्यांनी ठरवलं तर वेल्डिंग नको, वरून काढता येईल असं रबरी किंवा क्रोमचं बूच लावा आणि आतली केबल गुंडाळून जागेवरच बांधून ठेवा. पेंटरला मात्र आजच गाठा. प्रायमर मारायच्या आधी भोकाभोवती आतल्या बाजूने अर्धा इंच पत्रा टेपने झाकायला सांगा. दातेरी वायसर तिथेच बसतो, आणि रंगावर बसलेला वायसर काही कामाचा नाही. काडी बसवून झाली की उघड्या पत्र्यावर खालून ग्रीसचा हात मारा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मडगार्ड काढायला नको.